कोनाड्यातला घट

छगनशेठ महिनाभर लंडनला भावाकडे राहून आले आणि येताना एक घर डोक्यात घेऊन आले. डुमस रोडला त्यांची वाडी होती, तिथं त्यांनी ते बांधलं. उतरतं लाल छप्पर, पुढं फुगून आलेली काचेची खिडकी, भिंतींना गुलाबाच्या वेलींचा कागद, सोफ्यावर गुलाब, पडद्यांवर गुलाब आणि अंगणात खरेच गुलाब. पण राहायला नाही हं. शेठ राहायचे घोडदोड रोडवरच्या फ्लॅटात. हे घर साड्यांच्या फोटोंसाठी. 'मेमसाब' नावाचा माल काढला होता त्यांनी. जुन्या काळच्या, फुलाफुलांच्या जॉर्जेट साड्या, त्यावर फुग्याच्या बाह्यांचे ब्लाउज, गळ्यात मोत्यांचे सर, हातात लेसची छत्री. मुंबईहून मॉडेल यायच्या, या घरात कधी खिडकीशी, कधी जिन्यावर उभ्या राहायच्या, आणि त्या फोटोंचा केटलॉग पार कलकत्त्यापर्यंत जायचा.

आमचे हे, म्हणजे भूपेंद्र, शेठकडे डिझाइनचं काम बघायचे. साडीवरचं फूल यांच्या हातचं. सुरतेतल्या प्लेगनंतरच्या दुसऱ्या वर्षी शेठ यांना म्हणाले, "भूपेन, फॅमिलीला घेऊन त्या बंगल्यातच रहा. बंद घराला वास लागतो. भाडं नको मला. फक्त एक, घरात कोणी राहतंय असं दिसायला नको."

हे हसत हसत घरी आले आणि मला ते वाक्य सांगितलं. मीही हसले. मग आम्ही राहायला गेलो आणि त्या वाक्यात अडकलो.

भिंतीला खिळा नको. कॅलेंडर नको. दोरीवर कपडे नकोत. फोटोंच्या दिवशी फोडणी नको, जॉर्जेटला वास धरतो. माझे देव स्वयंपाकघरातल्या कपाटात, तांदळाच्या डब्याशेजारी. रोज सकाळी काचेच्या भांड्यांत देठासकट फुलं उभी करायची, ती माळ्याने तोडून ठेवलेली. देवाला मी खाली गळलेली वेचून घ्यायचे. आमची चंचल अकरा वर्षांची. तिची शाळा पर्वत पाटियाला, म्हणून ती सासूबाईंकडेच राहिली. खरं तर बस होती. पण शेठना दारात दप्तर आणि चपला पडलेल्या नको होत्या. मी शनिवारी दोन रिक्षा बदलून तिला भेटून यायचे.

त्या वर्षी सासूबाईंनी घट माझ्याकडे दिला.

आमच्या घराण्यात नवरात्राचा घट मोठी सून बसवते. सासूबाईंचे, शोभाबाईंचे, गुडघे आता जमिनीवर टेकत नव्हते आणि जाऊबाई मागच्या वर्षी गेल्या. तेव्हा मीच. चलथाणच्या उसाच्या शेतातली काळी माती दरवर्षी यायची, तशी त्यांनी ती पिशवीत बांधून दिली आणि मला समोर बसवून घेतलं.

"पोरी, तीन गोष्टी ध्यानमा ठेव. घट हालाले नको. दिवा इझाले नको. आन तू उंबरा वलांडाले नको. देवी बठनी का मंग ती दसराले उठस. त्याना पहिले नही, त्याना मांगे नही."

"आणि चंचल, आत्याबाई?" मी सासूबाईंना विचारलं.

"चंचल कथी पळी जाई राह्यनी? मी से ना."

बंगल्यात आल्यावर मी जागा शोधू लागले. स्वयंपाकघरात माझी पावलं सारखी लागणार. मागच्या खोलीत वाऱ्याने दिवा राहत नव्हता. बसायच्या खोलीत मात्र एक कोनाडा होता. भिंतीच्या अगदी मधोमध, जमिनीपासून माझ्या कमरेपर्यंत येणारा, आतून विटांचा, वर संगमरवरी फळी. फळीखाली लोखंडी आकडा. इतकी नीट जागा मी कुठल्या देवळातही पाहिली नव्हती. समईची काजळी वर आतल्या आत निघून जात होती, भिंतीच्या कागदाला डाग नाही. आकड्याला माळ टांगता येत होती, खिळा मारायला नको. यांना विचारलं, तर हे म्हणाले, "दसऱ्यापर्यंत शूटिंग नाही. बसव."

तो कोनाडा कशाचा, ते यांनाही माहीत नव्हतं. इंग्लंडात लोक त्या कोनाड्यात लाकडं जाळून शेकत बसतात, ते आम्हाला कोण सांगणार? सुरतेत शेकोटी कोणी घालतं का? मला वाटलं, त्यांचेही देव असतील, तिथे ठेवत असतील.

मी टोपलीत माती पसरली, धान्य पेरलं, मडकं ठेवलं, पाणी, पानं, नारळ. विड्याच्या पानांची पहिली माळ टांगली, दिवा लावला. त्या घरात पहिल्यांदाच मला पदर डोक्यावर घ्यावासा वाटला.

पाचव्या माळेला शेठची गाडी आली. सोबत फोटोग्राफर प्रवीणभाई. मी दाराआड झाले. शेठ बूट काढून आत आले आणि तिथंच थांबले.

"आ शुं छे, भूपेन?"

"घट आहे, शेठ. देवीचा."

"ते दिसतंय मला. फायरप्लेसमध्ये?"

"कशात?"

शेठनी कपाळाला हात लावला. "अरे, साडेचार हजारचा मार्बल आहे तो! सगळं घर मी त्या एका फायरप्लेससाठी बांधलं. मॉडेलला दसऱ्याचीच तारीख आहे, दसरा आणि त्याचा दुसरा दिवस. दिवाळीचा केटलॉग छापायला जायचाय. हटव हे."

हे माझ्याकडे आले. दाराआडूनच हळू म्हणाले, "अगं, मागच्या खोलीत नेता येईल का?"

"नाही."

"जरासंच. टोपलीसकट उचलून."

"अहो, देवी बसलीय. बसलेल्याला उचलतात का?"

हे परत गेले. "शेठ, ती म्हणते हलवता येत नाही."

"तू हलव."

"मी कसा हलवू? माझ्या आईचा घट आहे."

"मग माळ्याला सांग."

माळी बाहेरूनच म्हणाला, "ना शेठ, आपण माताजीला हात लावणार नाही. माझ्याही घरी गरबो मांडलाय."

शेठ स्वतः दोन पावलं पुढे गेले. हात पुढे केला. मग तोच हात वळवून त्यांनी नमस्कार केला आणि मागे सरकले. त्यांच्या घरीही गरबो, म्हणजे त्यांच्यातला दिव्याचा घट, होताच की. आता तिघे त्या कोनाड्यासमोर उभे, आणि घट तिथल्या तिथे. एरवी मला हसू आलं असतं. पण यांची मान खाली गेली होती. मला दिसत होतं, की शेठ देवीला काही करणार नाहीत, जे करायचं ते यांना करतील.

तेवढ्यात प्रवीणभाई म्हणाले, "शेठ, एक मिनिट. पडदे ओढा ना जरा." त्यांनी कॅमेरा काढला, फोटो घेतला, त्यातून लगेच एक कागद बाहेर आला. तो हवेत हलवत त्यांनी शेठना दाखवला. "हा उजेड पाहा. मी चार लाइट लावूनही असा नाही आणू शकत. भाभीची समई, ही माळ, मागे गुलाबाची भिंत, पुढे मेमसाब साडी. दिवाळीला याहून काय पाहिजे?"

शेठ कितीतरी वेळ तो कागद पाहत राहिले. चेहरा हळूहळू मऊ झाला. "भूपेन, तुझी घरवाली हुशार आहे हां. बस, हे असंच राहू दे. पान हलायला नको. दसरा आणि दुसरा दिवस, दोन दिवस शूटिंग, मग खुशाल उठवा."

आतापर्यंत देवी हलेल म्हणून भीती होती, आता निराळीच आली. मी मोठ्याने बोलत नाही, मला जमतच नाही, पण त्या वेळी दाराआडून बोलले. "शेठ, दसऱ्याला सकाळी घट उठवावा लागतो."

"एक दिवसानं काय फरक पडतो, बेन?"

"तिची जायची वेळ असते."

"माताजी आपल्याकडे एक दिवस जास्त राहिली तर चांगलंच ना?" असं म्हणून शेठ हसले. प्रवीणभाईही हसले. हेही हसले, कारण हसावं लागतं.

ते गेल्यावर आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो. यांनी उपासाचं ताट पुढे ओढलं आणि तसंच ठेवलं.

"एक दिवस, धनश्री. आईला सांगायचं नाही."

"आत्याबाईंचं नाही हो. पाहुणी निघाली आणि आपण दाराला कडी घातली, असं होतं ते. मग ती आशीर्वाद देत नाही, तळतळाट देते."

"मग मी काय करू? शेठला नाही म्हणू? नाही म्हटलं तर उद्या हे घर नाही, परवा नोकरी नाही. पुन्हा लूमच्या खडखडाटात, एका खोलीत सहा जणं."

"तिथं चंचल होती," मी म्हटलं.

भगर तशीच थंड झाली.

पुढच्या माळा मी टांगत गेले, झेंडूची, शेवंतीची, पण हात जड झाले होते. धान मात्र बेभान वाढत होतं. टोपलीभर पिवळसर हिरवं, घटाच्या गळ्यापर्यंत. आधी मी त्याच्याकडे बघून सुखावायचे. आता वाटायचं, हे सगळं पिकलं, तयार झालं, आणि निघायला दार नाही. शनिवार आला तसा गेला. मला उंबरा ओलांडायचा नव्हता. चंचलचा फोन माळ्याच्या खोलीवर आला, तिथंही मी जाऊ शकले नाही. हे जाऊन बोलून आले. "काय म्हणाली?" "आजीनं पुरणपोळी केली म्हणाली." "आणखी?" "तू कधी येणार म्हणाली."

नवमीच्या संध्याकाळी साड्या आल्या. नवा माल, कोणी पाहिलेला नव्हता. बसायच्या खोलीत लोखंडी स्टँडवर ओळीने लटकावला. आमच्या या धंद्यात डिझाइन आज बाहेर गेलं, तर परवा मार्केटात निम्म्या भावात लटकतं. म्हणून शेठ स्वतः कुलूप घेऊन आले. बाहेरच्या फाटकालाही कुलूप लागणार होतं, शूटिंग संपेपर्यंत ना कोणी आत, ना कोणी बाहेर.

"भूपेन, दिवा विझव. जॉर्जेट आणि दिवा एका खोलीत मी ठेवणार नाही."

हे माझ्याकडे पाहत राहिले. मी पुढे आले. "दिवा विझवता येत नाही, शेठ. तेल घालायला कोणी लागतं, आणि राखायलाही. मी आत बसते. तुम्ही बाहेरून कुलूप लावा."

"आखी रात?"

"हो."

शेठनी विचार केला. माझ्याकडे पाहिलं, साड्यांकडे पाहिलं. "चालो. तू आत म्हणजे माल तिजोरीत." आणि खरंच बाहेरून कुलूप फिरलं.

मी स्वतःहून आत गेले होते, तरी तो आवाज छातीत लागला. साड्या उभ्या होत्या बायकांसारख्या, डोकी नसलेल्या. सगळ्यांच्या अंगावर यांच्या हातची फुलं. मी तेल घालत राहिले, नाम घेत राहिले.

उजाडताना काचेच्या खिडकीतून पहिला उजेड आला आणि मी उत्तरपूजेला बसले. पूजा करू नको असं शेठनी म्हटलं नव्हतं. हळदकुंकू वाहिलं, अक्षता हातात घेतल्या, आणि सासूबाईंचे हात मला दिसले. दरवर्षी दसऱ्याला त्या घट उचलायच्या आधी काय करायच्या? मी किती वर्षं शेजारी बसून पाहिलं होतं. त्या अक्षता टाकायच्या, दोन्ही हात मडक्याला लावायच्या आणि त्याला उत्तरेकडे जरासं सरकवायच्या. एवढंसंच, गव्हाच्या दाण्याएवढं. म्हणायच्या, "माय, उनी तशी जाय. पुढला सालले परत ये." नंतर उचलणं, माती विहिरीत सोडणं, ते सगळं आवरसावर. देवी उठायची ती त्या दाण्याएवढ्या सरकण्यात. त्यानंतर आत्याबाई त्याच मडक्याला पाय लागला तरी काही म्हणायच्या नाहीत.

घट हालाले नको, असं त्या का म्हणाल्या होत्या ते मला त्या कोनाड्यासमोर कळलं. हलला की ती गेली, म्हणून.

मी हात लावले. मडकं थंड होतं. माझ्यामागे कोणी मोठं माणूस नव्हतं, चूक झाली तर सांगायला कोणी नव्हतं. "माय," मी म्हटलं, "उनी तशी जाय. आमनी वाट पाहू नको." हे शेवटचं आत्याबाईंच्या बोलण्यात नव्हतं. ते आपसूक आलं.

सरकवलं. मातीत किंचित चर पडला, धानाची दोन पाती वाकली. समईत तेल घालायचं मी थांबवलं. नंतर घटाच्या मागच्या बाजूचं, कॅमेऱ्याला न दिसणारं धान चिमटीने खुडलं, घट उठल्यावर खोवतात तसं थोडं केसांत खोवलं, बाकीचं ओल्या रुमालात बांधलं.

सकाळी कुलूप उघडलं. शेठनी आधी साड्या मोजल्यासारखी नजर फिरवली, मग कोनाड्याला हात जोडले. "वाह! जसंच्या तसं." समई विझत आली होती, ती प्रवीणभाईंनीच पुन्हा पेटवली, उजेडासाठी. मी अडवलं नाही. आता तो नुसता दिवा होता.

मॉडेल तयार होऊन आली. स्नेहा नाव, दादरची मुलगी, वीस-बावीसची. डोक्यावर जाळीची टोपी, हातात मोजे, अंगावर यांची अबोली फुलांची साडी. प्रवीणभाईंनी तिला कोनाड्यासमोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं, तोंड इकडे. ती बसली आणि लगेच उठली.

"काय झालं?"

"मागे देवी आहे ना."

"म्हणून तर बस म्हणतोय."

"पाठ करून कशी बसू? आमच्या घरी चालत नाही हो."

शेठ एकदम गंभीर झाले. हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. "पाठ तर... हां, पाठ तर बरोबर नाही." प्रवीणभाई म्हणाले, "बाजूला वळून?" "बाजूला वळलं तर पदर दिसत नाही," असं हेच म्हणाले. सगळे पुन्हा कोनाड्यासमोर उभे, पाचव्या माळेसारखेच. मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे आल्या. मी भिंतीशी उभी होते, फुलांचं भांडं धरून.

स्नेहा माझ्याजवळ आली. मोजा घातलेल्या हाताने तिने माझं मनगट धरलं. "काकू, तुम्ही सांगा. बसू का?"

"बस बाई," मी म्हटलं. "पाठ लागायला आता तिथं कोणी नाही."

तिने माझ्या केसांकडे पाहिलं. दादरची असली तरी घरात घट बसत असणार. तिने काही विचारलं नाही, जाऊन बसली, छत्री उघडली आणि हसली. शेठना ऐकू गेलं ते एवढंच, की बेननं परवानगी दिली. "जोयुं?" ते प्रवीणभाईंना म्हणाले, "माताजी राजी छे."

पण यांना ऐकू गेलं होतं. साडी बदलायला स्नेहा आत गेली तेव्हा हे माझ्यामागे स्वयंपाकघरात आले. माझ्या अंबाड्यातलं हिरवं पातं बोटाने हलवून पाहिलं.

"उठवला?"

"उठवला."

"कधी?"

"तुम्ही कुलूप उघडायच्या आधी."

"मग तिथं आहे ते काय?"

"मडकं."

हे ओट्याला टेकले. मला वाटलं रागावतील. ते खिडकीतून फाटकाकडे पाहत होते. फाटकाला साखळी होती, कुलूप होतं आणि किल्ली शेठच्या खिशात.

"चंचलला धान द्यायचंय," मी रुमाल दाखवला. "आज दसरा आहे. सोनं घेऊन आत्याबाई वाट पाहतील. मला आता उंबरा ओलांडायला हरकत नाही."

"उद्या संध्याकाळपर्यंत फाटक उघडायचं नाही म्हणालेत शेठ. त्यानंतर बेडरूमचे फोटो काढायचं घाटतंय." हे थांबले. मग आवाज अगदी खाली आणून, अर्ध्या चेष्टेत म्हणाले, "सगळ्यांसमोर बसलेली देवी तू गुपचूप उठवलीस, धनश्री. आपल्यालाही असंच दाण्याएवढं सरकवून बघ की."

मी चेष्टा केली नाही. मी दोन्ही हात यांच्या खांद्याला लावले आणि यांना सरकवलं. फार नाही, फरशीच्या सांध्यापर्यंत. हे हसले नाहीत. तिथंच उभे राहिले, पाय जुळवून, जिथे मी ठेवलं होतं तिथे.

"भूपेनभाई!" बाहेरून प्रवीणभाईंची हाक आली. "खिडकीतली फुलं बदला, जरा सुकल्यासारखी दिसतायत!"

"आलो," हे म्हणाले, आणि गेले.

मी वाटीत पाणी घेतलं आणि रुमाल सोडून धान त्यात उभं केलं, उद्यापर्यंत ताजं राहील म्हणून.